पायाळूचं वजन

मी पायाळू. म्हणजे जन्मताना माझं डोकं नाही, पाय आधी बाहेर आले. अशा माणसाचा पाय दुखत्या कमरेला लागला की उसण उतरते, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा घरातले देव वैनगंगेत सोडले, गंडेदोरे तोडले, उपासतापास बंद केले. पायाळूवरचा विश्वास मात्र कोणी नदीत सोडला नाही. तो घरातच राहिला आणि त्याची वेठ माझ्या डाव्या पायाच्या नशिबी आली.

आमचं गाव गडचिरोलीकडचं, धानाचं. रोवण्याच्या दिवसांत बायका सकाळपासून बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, वाकलेल्या असायच्या आणि दिवेलागणीला कंबर धरून थेट आमच्या अंगणात यायच्या. पोत्यावर पालथ्या पडायच्या. "ये वं पोट्टे, लाव पाय," म्हणायच्या. पोलकं वर सरकवलेलं, पाठ घामानं चिकट, चिखलाचा वास, त्यावर करंजीच्या तेलाचा वास, कुठे घामोळं, कुठे केसाळ तीळ. तळव्याखाली ते सगळं गरम, ओलसर लागायचं. पाठ ही माणसानं स्वतः कधी पाहिलेली नसते, म्हणूनच तो ती एवढ्या बेफिकिरीनं दुसऱ्यापुढे धरतो. त्या गेल्या की मी विहिरीजवळच्या दगडावर तळवा लाल होईपर्यंत घासायची.

आई दारात उभी राहून हे कौतुकानं पाहायची. येणाऱ्या प्रत्येकीला ती माझ्या जन्माची हकिगत सांगायची. "मरूनच राह्यली होती मी. दाईनं हात टेकले होते. मंग हिनं डावा पाय दाखवला." त्या बाळंतपणानं तिला आतून फाडलं होतं, पुढे मूल झालं नाही, त्यावरून सासूचं सगळं ऐकलं. एवढं सोसून तिच्या पदरात पडलं काय, तर माझा पाय. त्यामुळे त्या पायाला कोणी खोटं म्हटलेलं तिला चालायचं नाही. मीही म्हणायची नाही, नुसती घासायची.

पुढे मी शिकले आणि चंद्रपूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवायला लागले. नवरा वीज केंद्रात, त्यामुळे कॉलनीतलं क्वार्टर मिळालं. सकाळी खिडकीच्या कठड्यावर बोट फिरवलं की काळं होतं. त्या राखेची आता सवय झाली. गाव सुटलं, पाठी सुटल्या. मला वाटलं, सुटले.

डोंबलाचं सुटले. मागच्या एक-दोन वर्षांत कॉलनीच्या हॉलमध्ये एक क्लास सुरू झाला. चालवणारी एका इंजिनिअरची बायको, तिशीतली, चुणचुणीत. मोबाइलवर कसलासा कोर्स करून तिनं सर्टिफिकेट मिळवलं होतं. योगा, पिलाटीस आणि बॅले, तिन्ही एकाच तासात. म्हणजे आधी सूर्यनमस्कार, मग पिलाटीस नावाचे पोटाचे व्यायाम, आणि शेवटी भिंतीला ठोकलेला नळाचा पाइप धरून टाचा जोडायच्या, चवडे बाहेर काढायचे आणि गुडघे वाकवायचे. पिलाटीससाठी स्प्रिंगा लावलेला एक सरकता पलंग लागतो म्हणे. तो तिनं कुठल्या तरी वेल्डरकडून लोखंडी खाटेचा बनवून घेतला होता. तो असा किंचाळायचा की माझ्या क्वार्टरपर्यंत ऐकू यायचा.

मी एकदा जाऊन पाहिलं. रबरी चटयांना पायांचा वास, त्यावर राखेचे काळे ठसे, आणि बंद खिडक्यांत सगळ्यांचा मिळून एक श्वास. बॅलेत पाय बाहेर वळवायचा असतो तो खुब्यातून. ज्याचा खुबा वळत नाही तो गुडघा पिळतो आणि काम भागवतो. तिथल्या सगळ्याच गुडघे पिळत होत्या आणि दुखलं की फरशी घसरते म्हणून फरशीला शिव्या देत होत्या. नाचता येईना, अंगण वाकडं. मी नाकाला पदर लावून बाहेर आले.

योग दिनाला त्यांनी मलाच भाषणाला बोलावलं. विषय दिला, आसनांमागचं भौतिकशास्त्र. मीही भैताडासारखी तयारी करून गेले. म्हटलं, आसन असो की बॅले, सगळा खेळ एकच. शरीराचं वजन एका बिंदूतून खाली ओढलं जातं असं समजा. तो बिंदू तुमच्या पावलाच्या वर आहे तोवर तुम्ही उभे, बाहेर गेला की पडलात. वृक्षासनातही हेच आणि चवड्यावर उभ्या राहणाऱ्या नर्तकीलाही हेच, फक्त तिची जागा बोटभर. मग पुढे वाकण्याबद्दल सांगितलं. वाकलं की धड कमरेपासून लांब जातं, म्हणजे मोठ्या दांड्याच्या टोकाला ओझं लटकवल्यासारखं. ते धरून ठेवणारे स्नायू मात्र मणक्याला चिकटून बसलेले. त्यांना ओझ्याच्या कितीतरी पट ओढावं लागतं आणि ते सगळं मणक्यांमधल्या चकतीवर येतं. "म्हणून वाकलेल्या माणसाला वरून कोणी दाबू नये," मी म्हटलं. पुढच्या रांगेतल्या दोघी सेल्फी काढत होत्या.

माझं झाल्यावर त्या क्लासवालीनं माइक घेतला. "मॅडमनी जे सांगितलं तेच आपलं शास्त्र हजारो वर्षं सांगत आलंय. शीर्षासनात गुरुत्वाकर्षण उलटं होतं, म्हणून वयही उलटं फिरतं." टाळ्या पडल्या. मला अंगावर पाल पडल्यासारखं झालं. गुरुत्वाकर्षण कोणाच्या बापासाठी उलटं होत नाही. उलटं होतं ते माणूस, आणि मानेची सात हाडं त्याची किंमत भरतात. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, त्याला टाळ्याच पडतात.

त्याच सुमारास बाबा गेले आणि आई माझ्याकडे राहायला आली. तिला घरात करमेना. एक दिवस फिरत फिरत हॉलमध्ये गेली. तिथं बायका वाकून पायाची बोटं धरायला धडपडत होत्या. कोणाचा हात नडगीपर्यंत, कोणाचा गुडघ्यापर्यंत. आई हसली, पदर खोचला, आणि गुडघे न वाकवता दोन्ही तळवे फरशीवर टेकवले. सगळा हॉल थांबला आणि मग टाळ्या.

त्या दिवसापासून आई पहिल्या रांगेत. साडीखाली माझी ट्रॅकपँट चढवून पहाटे तयार. क्लासवाली तिला सगळ्यांसमोर उभं करायची, वाकायला लावायची, फोटो काढायची. "आजी आपली प्रेरणा आहेत." मला ते बघवेना. मी आईला म्हटलं, "तुझी कंबर लवचिक नाही माय, झिजली आहे. नटाचा आटा गेला की तो भराभर फिरते, त्यानं काही तो चांगला ठरत नाही."

आई ट्रॅकपँटची नाडी बांधत होती. म्हणाली, "जिंदगीभर वाकली मी बांधीत. कोणी टाळी वाजवली होती का?"



आणि क्लासात तिनं ते सांगून टाकलं. माझी पोरगी पायाळू हाय म्हणून, जन्माच्या हकिगतीसकट. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला निघत होते तर दारात एक बाई. एम.एस्सी. झालेली, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ. "मॅडम, बघा ना, काल ब्रिज पोज करताना चमक भरली," म्हणत तिनं पाठ फिरवली आणि कुर्ता वर केला. माझ्या तोंडात आंबट पाणी आलं. मग दुसरी, मग तिसरी, मग एक साहेबही, बनियनवर. स्प्रिंगांचा पलंग झाला, बॅलेचा पाइप झाला, आणि शेवटी हे सगळे माझ्या तळव्याशी. गावातल्या बायकांची पाठ निदान कामानं दुखत होती. यांची पाठ दुखायचं थांबावं म्हणून केलेल्या व्यायामानं दुखत होती. मी सरळ दार लावून घेतलं. कॉलनीत माझं नाव खडूस पडलं ते तेव्हापासून, आणि आई आठवडाभर माझ्याशी फुगून बसली.

मग ते झालं. पाय लांब करून बसायचं आणि पुढे वाकून कपाळ गुडघ्याला लावायचं, पश्चिमोत्तानासन. आईचं कपाळ लागत होतंच. क्लासवालीला व्हिडिओत आणखी खोल हवं होतं. ती आईच्या पाठीवर ओणवी झाली आणि सगळ्या अंगाचा भार टाकून तिनं दाबलं. मी तिथं नव्हते, नंतर व्हिडिओ पाहिला, कारण तिनं तो ग्रुपवर टाकला होता, हात जोडलेल्या चित्रासकट. त्यात आईचा एक आवाज ऐकू येतो, हुंकारासारखा. त्यावर कोणीतरी "वाव" म्हणतं.

पुरणपोळी एका बाजूनं दाबली की पुरण दुसऱ्या बाजूनं बाहेर येतं. चकतीचं तेच. पुढून दाब आला, आतला गाभा मागून फुटून बाहेर आला आणि नेमका पायाकडे जाणाऱ्या नसेवर बसला.

आईनं मला सांगितलं नाही. क्लासवालीनं तिला सांगितलं होतं, कळ पायात उतरते म्हणजे आतली घाण बाहेर पडते, चांगलं लक्षण. आई ते धरून लंगडत क्लासला जात राहिली. मला कळलं ते चपलेमुळे. स्वयंपाकघरातून बैठकीत येताना तिच्या डाव्या पायातली चप्पल मागंच राहिली आणि ती तशीच पुढे गेली. तिला पत्ताच नाही. पाऊल फट् फट् आपटत होतं. मी तिला बसवलं, म्हटलं, अंगठा वर कर. ती अंगठ्याकडे बघत राहिली आणि अंगठा तिच्याकडे.

त्याच दिवशी चंद्रपुरात हाडांच्या डॉक्टरला दाखवलं. तो म्हणाला, नस दबली आहे, पाऊल लुळं पडलं आहे. नागपूरला न्या, ऑपरेशन करून नस मोकळी करा. जितका उशीर कराल तितकं पाऊल परत येणं कठीण. मी तिथूनच गाडी सांगत होते, तर आई म्हणाली, "घरी चाल."

घरी येऊन ती पालथी पडली. "मी कुठी जात नाई. तू पाय लाव."

मी समजावलं, ओरडले, रडले. नवऱ्यानं हात जोडले. ती भिंतीकडे तोंड करून एकच सांगत राहिली. "साऱ्या गावाच्या पाठीले लागला तुया पाय. मायच्या पाठीले लावाले काय होते तुले?"

संध्याकाळी क्लासवाली दोघी-तिघींना घेऊन आली. तिला माझ्याशी नजर भिडवायला काहीच वाटत नव्हतं. पलंगाच्या कडेला बसून आईच्या पोटरीवर हात फिरवत म्हणाली, "मॅडम, आजींचा विश्वास आहे तर लावा ना पाय. पण वरवर नाही, चांगला जोर द्या. सरकलेलं जागेवर बसेल." बाकीच्यांनी माना हलवल्या. मला तिच्या अत्तराची, तिच्या त्या गोड आवाजाची, तिच्या हाताची अशी शिसारी आली की मी उठून मोरीत गेले आणि खरंच ओकले. परत आले आणि त्यांना बाहेर जायला सांगितलं. या शब्दांत नाही, पण ते शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत.

आई रात्रभर हट्टाला पेटून होती. सकाळी तिच्या पावलाला चिमटा काढला तर तिला कळलं नाही. मी म्हटलं, "लावते पाय. पण लावला की लगेच गाडीत बसायचं. कबूल?"

"कबूल."

जमिनीवर सतरंजी टाकली, ती पालथी झाली. नवऱ्याला मी गाडी दारात आणून ठेवायला सांगितलं. आता माझ्यापुढे निव्वळ भौतिकशास्त्र होतं. टाच एवढीशी असते. त्या एवढ्याशा जागेतून माझं थोडंही वजन फुटलेल्या चकतीवर उतरलं असतं तर उरलीसुरली नसही गेली असती. म्हणजे पाय लागायला हवा, पण वजन शून्य. मी उजव्या हातानं खिडकीचा गज धरला, पाइप धरतात तसा. सगळं अंग उजव्या पावलावर घेतलं. डावा पाय पुढे न्यायचा म्हणजे त्याचं वजनही पुढे जातं, ते तोलायला धड मागं झुकवावं लागतं आणि उभ्या पायाचा खुबा जळायला लागतो. वर्गात हे फळ्यावर काढायला सोपं असतं. इथं मांडी थरथरत होती आणि मी तळवा आईच्या कमरेपासून केसभर वर धरून उभी होते.

मग टेकवला. कातडीला कातडी लागली एवढंच. पाठ सुकलेली, मणके वर आलेले, कालच्या बामाचा वास. एवढी वर्षं ज्या बघून अंगावर काटा यायचा त्या परक्या पाठींतली ही नव्हती, आणि तरी मला किळस आली. का कोण जाणे, आईच्याही पाठीची आली. ती येऊ नये असं फार वाटत होतं. मी पाय तसाच धरून ठेवला, मांडीत गोळा येईपर्यंत.

आई म्हणाली, "झालं?"

"झालं. ऊठ."

दिलेल्या शब्दाला ती जागली. नागपूरला ऑपरेशन झालं. कमरेतली कळ पार गेली. पाऊल मात्र आलं नाही. डॉक्टर म्हणाले, "दुखलं त्याच दिवशी आणलं असतं तर." आई डोळे मिटून पडली होती, पण ऐकत होती, हे मला तिच्या पापण्यांवरून कळलं.

घरी आणल्यावर माणसं भेटायला यायला लागली. गावाकडून मामी आली, कोरपन्याहून मावशी आली, कॉलनीतल्या तर रोजच. प्रत्येकीला आई एकच सांगायची. "कंबर बरी झाली पोरीच्या पायानं. पन पाऊल तसंच राह्यलं. तिनं जोर नाई लावला ना." मी चहाचे कप घेऊन तिथंच उभी असायची. येणारी माझ्याकडे अशी बघायची की जणू मीच तो पाय उपटून नेला. मामी तर तोंडावर म्हणाली, "शिकली म्हणून मायच्या पाठीचीही घाण वाटे का वं तुले?"

मी ते सहन केलं, आणखी केलं, आणि एका दुपारी मला राहवलं नाही. आईच्या पावलाला सकाळ-दुपार व्यायाम द्यायचा असतो, तळव्याला हात लावून बोटं वरच्या बाजूला रेटायची. ते करता करता मी विचारलं, "माय, खरं सांग. माझ्या पायानं तुझं पाऊल गेलं, असं तुले वाटते?"

"नाई."

"मंग साऱ्या जगाले काऊन सांगून राह्यली?"

तिनं आधी दाराकडे पाहून घेतलं. मग म्हणाली, "कोणाचं नाव घेऊ? त्या क्लासवाल्या पोरीचं घेतलं त लोक काय म्हनतीन? म्हातारीले टाळ्यांचा शौक लागला होता, पँट घालून नाचाले गेली अन् पाय घालवून बसली. हासतीन मले. तुयं नाव घेतलं त कोणी हासत नाई. तू पोटची हायस. तुले सहन होते."

मी तिचं पाऊल मांडीवरून खाली ठेवलं. मला भयंकर संताप आला होता. तिच्यावर आला होता, आणि त्या व्हिडिओवर, आणि त्या हॉलमधल्या प्रत्येक टाळीवर. एक बाई आयुष्यभर वाकली, आणि तिच्या वाकण्याला पहिल्यांदा कोणी बरं म्हटलं ते असल्या माणसांनी.

तेवढ्यात दार वाजलं. क्लासवालीच होती, हातात पेरू-केळ्यांची पिशवी. गावाला गेली होती म्हणे, म्हणून यायला उशीर झाला. ती पलंगाशी बसली, आईचा हात हातात घेतला. "आजी, तुमच्याशिवाय क्लास सुना वाटतो. पाऊल कसं काय राहिलं हो?"

आईनं तिच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. तिच्या तोंडून नेहमीचं वाक्य निघेना.

क्लासवाली माझ्याकडे वळली. "मी म्हटलं होतं ना मॅडम, जोर द्यावा लागतो."

माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. चकती, दांडा, तिचं वजन, तो व्हिडिओ, आईचा तो हुंकार. आई अजून माझ्याकडेच बघत होती.

"हो," मी म्हटलं. "जोर कमी पडला माझा."